इंडिकेटर न देता वळायचं नाही

कॅरिबियन म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर काय आलं ते मला बरोबर माहितीये. निळंशार पाणी, नारळाची झाडं, कोणीतरी ढोल वाजवतंय आणि तुम्ही खुर्चीत आडवे. आणि न्यूझीलंड म्हटल्यावर? मेंढ्या, डोंगर, आणि त्या डोंगरावर विनाकारण पळणारे हिरो-हिरॉइन. तर दोन्ही पुसून टाका. या गोष्टीतलं कॅरिबियन ऑकलंडमधल्या हिल्सबरोच्या एका लाउंजमध्ये आहे. तिथे हीटरसमोर मोजे वाळत घातलेत आणि नारळ आहे तो चटणीत.

फुटबॉल आहे, पण माझी फुटबॉलची अक्कल आधीच सांगून ठेवतो. जिंतूरला आमच्या शाळेत एका बॉलमागे अख्खा वर्ग धावायचा आणि बॉल नालीत गेला की हाफ टाइम. बॉल काढायला कोण जाणार यावर भांडण मिटेपर्यंत शाळा सुटायची. मी त्यातही खेळायचो नाही. मी काठावर उभा राहून हेडमास्तरांच्या आवाजात कॉमेंट्री करायचो. हेडमास्तर मागे येऊन उभे राहिले की पोरं गप्प व्हायची, त्यावरून मला कळायचं. उशिरा कळायचं.

तर हिल्सबरोचं घर. वरच्या मजल्यावर काका-काकू, म्हणजे आमचे घरमालक. खाली दोन खोल्या भाड्याच्या. एकीत मी, दुसरीत स्वप्नील. स्वप्नील वेअरहाउसला नाइट शिफ्ट करायचा आणि दिवसा ओंडक्यासारखा झोपायचा. मी शिकायला आलेलो, शिकून झालेलो, आणि संध्याकाळी सुपरमार्केटात दुधाच्या बाटल्या लावत नोकरीची वाट बघत होतो.

काका नागपूरचे. इंजिनिअर म्हणून या देशात आले, तेव्हा इथं त्यांची डिग्री कोणी विचारली नाही, म्हणून बस चालवायला लागले. पुढे इंजिनिअरची नोकरी मिळाली, ती शेवटपर्यंत केली, रिटायर झाले, आणि दुसऱ्याच महिन्यात परत बसवर. आता शाळेची बस. सकाळी पोरं सोडायची, दुपारी पोरं आणायची, मधले तास मोकळे. मी एकदा विचारलं, "काका, पेन्शन आहे, घर आहे, कशाला ताप?"

"आयुष्यभर मीटिंगा केल्या बे," ते म्हणाले. "एकानं तरी उठताना 'थँक यू ड्रायव्हर' म्हटलं का?"

बसनं काकांच्या डोक्यात एकच कायदा पक्का केला होता: इंडिकेटर न देता वळायचं नाही. रस्त्यावर नाहीच, पण घरातही नाही. मी एकदा न सांगता बाहेर जेवून आलो. दुसऱ्या दिवशी जिन्यात हटकलं. "काल वळला तू. इंडिकेटर दिला होता? काकू भाकऱ्या घेऊन बसली होती." काकूंनी बोलता बोलता विषय बदलला तरी, "अगं, इंडिकेटर!" स्वप्नीलचं लग्न ठरता ठरता मोडलं तेव्हाही त्याच्या खांद्यावर हात ठेवून हेच: "तिनं इंडिकेटर दिला असंल. तुह्या आरशात दिसला नसंल." स्वप्नील त्या रात्री रडायचं सोडून हसला, म्हणजे उपयोग झाला.

दुसरं म्हणजे अंधश्रद्धेवर दात. घरात बुद्धाची सुंदर मूर्ती, पण तिच्यासमोर कोणी काही मागायचं नाही. "ते देत नाहीत. विचार करायला सांगतात," असं काका नव्या भाडेकरूला पहिल्याच दिवशी बजावायचे. स्वप्नीलनं सेकंडहँड गाडी घेतली आणि पुढे लिंबू-मिरची बांधली. सकाळी उठून बघतो तर दोरा रिकामा. काकांनी लिंबाचं सरबत केलं होतं आणि मिरच्यांचा ठेचा. सरबताचा ग्लास स्वप्नीलच्या हातात देऊन म्हणाले, "नजर बिजर काही नसते. ब्रेक पॅड बदल."

आता हाच माणूस मॅचच्या दिवशी काय करायचा ते ऐका.

मॅच म्हणजे कॅरिबियन बेटांवरच्या क्लबांची स्पर्धा. तिकडे रात्री खेळतात, तेव्हा ऑकलंडला दुसऱ्या दिवशीची दुपार असते, नेमकी काकांच्या दोन बसफेऱ्यांच्या मधे. काकांचा क्लब एका चिमुकल्या बेटावरचा, हिरव्या जर्सीचा. नाव सांगत नाही. सांगितलं की तुम्ही लगेच मोबाइल काढणार, पॉइंट टेबल बघणार आणि हसणार, आणि काकांना ते कळणार.

काका त्या बेटावर कधी गेले नव्हते. पण पहिल्यांदा बस चालवत होते तेव्हा डेपोत डेस्मंड नावाचा ड्रायव्हर होता, तो तिथला. स्मोकोला, म्हणजे इथल्या चहाच्या सुट्टीत, दोघं एका बाकावर डबा खायचे. डेस्मंड एकदा म्हणाला, आमच्या क्लबला बेटाबाहेर जगात कोणी पाठीराखा नाही. काकांचा हात भाजीत होता. तो पुसून त्यांनी पुढे केला. "तू क्रिकेटमध्ये इंडिया घे. मी फुटबॉलमध्ये तुझा क्लब घेतो." डन.

डेस्मंड म्हातारपणी गावी परत गेला, पण करार चालू. वेस्ट इंडीजविरुद्ध इंडिया असली की तो बिचारा स्वतःच्या घरात, खिडक्या लावून, शेजाऱ्यांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं इंडियाच्या विकेटवर हळहळतो. मग काकांनी इकडे मागे हटायचं कसं?

आणि एक स्वप्न होतं, दोघांचं मिळून. या स्पर्धेतले वरचे क्लब पुढे मोठ्या स्पर्धेत जातात, तिथे मेक्सिको-अमेरिकेचे दांडगे क्लब येतात. हिरवे कधीच तिथवर गेले नव्हते. डेस्मंडला मरायच्या आत मेक्सिकोचा एक दांडगा क्लब आपल्या गावच्या मैदानावर उतरलेला बघायचा होता. तसं झालं तर काका विमानानं जाणार, असा शब्द होता.

"पाच गोल खाऊ ना, काही हरकत नाही," काका म्हणायचे. "पण त्यांना आमच्या गावात यावं तर लागंल!"

हे मला एकदम समजलं. जिंतूरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

मॅचच्या दिवशी काका डेस्मंडनं पाठवलेली हिरवी जर्सी घालायचे. ती लहान मापाची आणि ऑकलंडची थंडी मोठ्या मापाची, म्हणून जर्सी स्वेटरवरून. काकू म्हणायच्या, "अहो, श्वास घ्या अधूनमधून, शिवण उसवेल." मग प्रत्येकाची जागा ठरलेली. जो जिथे असताना गोल झाला, त्यानं शिट्टी वाजेपर्यंत तिथून हलायचं नाही. क्रिकेटमध्ये पार्टनरशिप चालू असताना आपण सगळेच करतो तसं. पण काकांनी ते फुटबॉलला आणलं, आणि फुटबॉलमध्ये ओव्हर संपत नाही.

"काका, ही अंधश्रद्धा नाही का?"

"हे निरीक्षण आहे."

एकदा ग्रेग नावाचा प्लंबर गरम पाण्याची टाकी बघायला आला. कोपऱ्यात उकिडवा बसला आणि तिकडे हिरव्यांनी गोल केला. काका ओरडले, "ग्रेग! डोंट मूव्ह!" त्याला वाटलं उघड्या वायरवर हात पडतोय. थिजला बिचारा. काकांनी कारण सांगितल्यावर म्हणाला, "स्वीट अ‍ॅज," म्हणजे इथलं 'काही हरकत नाही', आणि मॅच संपेपर्यंत तिथेच बसून पोहे खाल्ले, दोनदा. पुढच्या मॅचला काकांनी त्याला परत फोन केला.

"नळ तर चांगले आहेत," काकू म्हणाल्या.

"आहेत. पण राहतील कशावरून?"

ग्रेग आला. येताना विचारत आला, आज पोह्यांत शेंगदाणे आहेत ना.

आता माझं. काकांची नक्कल मी पहिल्याच आठवड्यात बसवली होती. पोट पुढे, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, उजवा हात स्टीअरिंगवर ठेवल्यासारखा हवेत, आणि आवाज नाकातून सुरू होऊन छातीत पार्क होणारा. एका मॅचला मी किचनमध्ये काकूंना करून दाखवत होतो. लाउंजमध्ये लेफ्ट विंगवाला पास न देता आत घुसला तेव्हा काका जसे ओरडले, तसाच मी किचनमध्ये ओरडलो, "अबे इंडिकेटर दे! मागून ट्रक येऊन राहिला!" काकू ओट्याला धरून हसत होत्या. आणि गोल झाला.

मागे वळलो तर दारात काका. पोरं गप्प झाल्यावरच मागे बघायची सवय जिंतूरलाच सुटायला हवी होती.

त्यांनी मला वरून खाली पाहिलं. काकूंना पाहिलं. मागे टीव्हीवर हिरवे एकमेकांच्या अंगावर पडले होते.

"हे मी?" त्यांनी विचारलं.

"नाही काका, हे आपलं असंच, एक जण..."

"पोट जास्त दाखवलं तू." मग घसा साफ केला. "कर पुन्हा."

"अं?"

"पुन्हा कर म्हटलं! शिट्टी वाजेपर्यंत थांबायचं नाही!"

तेव्हापासून ठरलं. हिरवे अडकले की मी किचनमध्ये जायचं आणि काकांची नक्कल करायची, आणि लाउंजमधून खुद्द काकांनी सूचना द्यायच्या. "नाक कमी कर! अजून चीड आण!" जगात कोणत्याही नकलाकाराला मूळ माणसाकडून एवढी शिकवणी मिळाली नसेल. त्या मोसमात हिरवे कधी नव्हे ते सेमीफायनलला गेले. मी आपला निरीक्षणाचा भाग.

सेमीफायनलच्या दोन मॅच असतात, एक त्यांच्याकडे, एक आपल्याकडे. पहिल्या मॅचला मला सुपरमार्केटात दिवसपाळी लागली. हिरवे एक-शून्य हरले. काका मला काही म्हणाले नाहीत. "कामावर होता तू," एवढंच. ते अशा आवाजात म्हणाले की तो गोल मीच खाल्ल्यासारखं वाटलं. परतीच्या मॅचला दोन गोलनी जिंकलं तर फायनल, आणि फायनल म्हणजे मेक्सिकोवाले गावात नक्की. एका गोलनी जिंकलं तर पेनल्टी.

आणि त्याच बुधवारी, दुपारी एक वाजता, माझा इंटरव्ह्यू पडला.

माझी अवस्था सांगतो. व्हिसा संपत आला होता. अर्ज इतके केले होते की 'अनफॉर्च्युनेटली' हा शब्द मला स्पेलिंगसकट पाठ झाला होता. वेलिंग्टनच्या एका कंपनीनं व्हिडिओवर बोलावलं होतं. हे हुकलं तर बॅग भरून जिंतूर, आणि तिथे नातेवाईक विचारणार, काय रे, फिरून आलास का?

मी वर जाऊन सांगितलं. काका जर्सीला इस्त्री करत होते. इस्त्री थांबली.

"बुधवारी?"

"हो."

"एकला?"

"हो काका."

"सेकंड हाफ," ते स्वतःशीच म्हणाले. मग इस्त्री पुन्हा सुरू. "इंटरव्ह्यू पहिला. मॅच गेली..." कुठे गेली ते त्यांच्यानं बोलवलं नाही. काकूंनी ते वाक्य पूर्ण केलं, "खड्ड्यात." काकांनी मान हलवली, पण कष्टानं.

मग त्यांनी माझी तयारीच सुरू केली. संध्याकाळी टेबलापलीकडे चष्मा लावून बसायचे. "टेल मी अबाउट युअरसेल्फ." मी सुरू केलं की पाचव्या वाक्याला, "घरचा पत्ता नको सांगू बे, ते काय लग्नाला येऊन राहिले का?" आणि शेवटी रोज एक ताकीद, बोट वर करून: "चाळे नाही करायचे. नकला बंद. गंभीर बसायचं. तोंडाला लगाम. समजलं?"

"समजलं बे," मी त्यांच्याच आवाजात म्हणालो.

"हेच! हेच नाही करायचं!"

बुधवारी घरात शांतता. काकांनी स्वतःला हेडफोन लावले होते आणि काकूंकडून नॅपकिन मागून घेतला होता, ओरडायला आलं तर तोंडात धरायला. ग्रेगलाही बोलावलं नव्हतं, त्याचं हसू मोठं म्हणून. मी खाली खोलीत, वर शर्ट-टाय, खाली ट्रॅकपँट आणि जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला.

स्क्रीनवर तिघं जण. मधे मॅनेजर बाई. "किया ओरा," त्यांनी माओरीत नमस्कार केला, मीही केला, आणि तिथपर्यंत सगळं छान होतं. मग मी गंभीर झालो. काकांनी शिकवलं होतं तसा. पाठ केलेली उत्तरं सरळ रेषेत देत गेलो आणि समोरची तिघं माझ्या डोळ्यांदेखत विझत गेली. एकजण पेनाचं टोपण काढत-घालत होता. मला दुरून 'अनफॉर्च्युनेटली' येताना दिसायला लागलं, स्पेलिंगसकट.

आणि वर छतातून काकांची पावलं. लाकडाचं घर, सगळं ऐकू येतं. काका फेऱ्या मारत होते म्हणजे अजून शून्य-शून्य. फेऱ्या हळू झाल्या. मग थांबल्या. ते थांबणं मला माहीत होतं. आशा सुटली की काका सोफ्याच्या मागे जाऊन त्याच्या पाठीवर दोन्ही हात ठेवून उभे राहतात, बस चुकलेल्या माणसासारखे.

मॅनेजर बाईंनी विचारलं, टीममधला एखादा कोणाला न सांगता काम परस्पर बदलतो, तुम्ही त्याच्याशी कसं बोलाल?

याचं पाठ केलेलं उत्तर माझ्याकडे होतं. त्यात 'ओपन कम्युनिकेशन' दोनदा होतं. मी तोंड उघडलं आणि चष्मा नसताना नाकावरचा चष्मा खाली सरकवला.

"माझे लँडलॉर्ड बस ड्रायव्हर आहेत," मी इंग्रजीत म्हणालो, "ते त्याला म्हणतील..." आणि पोट पुढे, हात स्टीअरिंगवर. "माय फ्रेंड! यू आर टर्निंग? व्हेरी गुड! बट व्हेअर इज द इंडिकेटर? इंडिकेटर इज फ्री! कंपनी हॅज गिव्हन! बिहाइंड यू देअर इज अ ट्रक, अँड इन द ट्रक, इट इज मी!"

टोपणवाल्याचं टोपण खाली पडलं. तिघं हसायला लागली. आणि त्याच क्षणी वर असा काही आवाज झाला की माझ्या खोलीतला दिवा हलला. नॅपकिन गेला, हेडफोन गेले, नागपूरची एक लांबलचक आरोळी हिल्सबरोभर पसरली.

"सगळं ठीक आहे ना?" मॅनेजर बाईंनी घाबरून विचारलं.

मी बोट वर केलं. "दॅट्स हिम."

त्यानंतर तो इंटरव्ह्यू राहिला नाही, गप्पा झाल्या. कामाचं त्यांनी विचारलं, मी माझ्या आवाजात सरळ सांगितलं, आणि ते ऐकत होते. संपल्यावर मी टाय सोडली आणि गादीवर पडून छत ऐकत राहिलो. पेनल्टी सुरू झाल्या होत्या. एक उडी. एक उडी. एक धप्प. उडी. मग बराच वेळ काही नाही. मग काकांचा आवाज, फोनवर, अगदी हळू, "नेक्स्ट इयर, ब्रदर. आय अ‍ॅम हिअर ओन्ली."

खिडकीतून पाहिलं तर काका हिरव्या जर्सीवरच नारिंगी चमकतं जॅकेट चढवून पोरं आणायला निघाले होते. माझ्या खिडकीपाशी थांबले. "कसा झाला?"

"बरा झाला."

"गंभीर होता ना?"

"एकदम," मी म्हणालो.

शुक्रवारी दुपारी घराचं दार असं आपटलं की स्वप्नीलसुद्धा जागा झाला. मी जिन्याशी आलो. वर काका, हातात मोबाइल. मागे काकू. रेफरन्स म्हणून मी काकांचाच नंबर दिला होता. इथं नोकरी द्यायच्या आधी तुमच्याबद्दल कोणाला तरी फोन करून विचारतात. हे मी साफ विसरलो होतो.

"त्या बाईनं मले पहिलं काय विचारलं माहीत आहे?" काका चिडले की मला-तुलाचं मले-तुले होतं. "आर यू द इंडिकेटर मॅन? तिथं तिघं बसून हसले म्हणे माह्यावर! तुले काय सांगितलं होतं मी?"

"काका, ते एकदम..."

"किती वाजता केली नक्कल?"

"दीड वाजत आले असतील."

काकांच्या चेहऱ्यावर निरीक्षण चालू झालेलं मला खालून दिसलं. "म्हणजे गोलच्या टायमाले." मग डोळे बारीक करून, "मुद्दाम केली?"

खरं तर मला अजूनही माहीत नाही.

"शिकलेला-सवरलेला माणूस तू!" जिना दणाणला. "व्हिसा गळ्याशी आला, जिंदगीचा इंटरव्ह्यू, अन् तू गोल व्हावा म्हणून नकला करून राहिला? तो लिंबू-मिरचीवाला बरा तुह्यापेक्षा!" खालून स्वप्नील म्हणाला, "थँक यू काका." "तू झोप! आमच्या बापजाद्यांनी..."

माझा मोबाइल वाजला. वेलिंग्टनचा नंबर.

"उचल," काका म्हणाले. "आधी ते उचल."

मी उचलला. ऐकलं. थँक यू म्हणालो, हो म्हणालो, परत थँक यू म्हणालो. ठेवला.

"मिळाली," मी म्हणालो.

काकूंनी टाळी वाजवली आणि पदर डोळ्यांना लावायला गेल्या, पण अंगात जॅकेट होतं, म्हणून बाही लावली. काकांनी डोळे मिटले. छाती एकदा वर-खाली झाली. मग डोळे उघडले.

"कुठं होतो मी?"

"बापजादे," काकू म्हणाल्या.

"हां! बापजाद्यांनी नवस-सायास यासाठी सोडले का बे? की पोरानं साता समुद्रापार येऊन असले चाळे करावे? असं केल्यानं बॉल आत जाते का? सायन्स काही शिकला की नाही?" असं बरंच. माझं सगळं उणंदुणं काढलं. मी मान खाली घालून ऐकत होतो, कारण मान वर केली असती तर हसू दिसलं असतं.

शेवटी थकले. वळले. दोन पायऱ्या चढले आणि कठड्याला धरून थांबले.

"अन् एक सांग. केलीच होती, तर पेनल्टीपर्यंत चालू ठेवता नव्हती येत? मधातच बंद केली काहून बे? इंडिकेटर न देता?"